उंच माणसांच्या देशाला हवा असतो तो गार्ड

प्रश्न असा आहे: "लिथुआनियाची लोकसंख्या तीस लाखसुद्धा नाही. तरी बास्केटबॉलमध्ये त्यांना इतकी पदकं कशी मिळतात? आणि २०२३ च्या विश्वचषकात ज्यांनी अमेरिकेला हरवलं, ते २०२४ च्या ऑलिंपिकला पात्र का ठरले नाहीत? नशीब की आणखी काही?"

प्रशिक्षक म्हणून माझी बरीच वर्षं या खेळात गेली आहेत आणि लिथुआनियाचे सामने मी पुन्हा पुन्हा लावून बघतो, शिकण्यासाठी. दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला एकाच जागी सापडतं. लिथुआनियाला उंच खेळाडूंचा तुटवडा कधी पडला नाही. संघ कुठवर जाणार, हे मात्र बहुतेक वेळा चेंडू पुढे आणणारा गार्ड कोण आहे यावर ठरलं. ज्या वर्षी तो भक्कम होता, त्या वर्षी पदक आलं किंवा अगदी हाताशी आलं. नव्हता तेव्हा दोन-दोन सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारे सर्वांत उंच खेळाडू, असूनही संघ घरी बसला.

आधी हिशेब मांडतो, कारण तो डोळ्यांसमोर असल्याशिवाय पुढचं पटणार नाही. पुरुषांच्या राष्ट्रीय संघाने युरोपीय अजिंक्यपद तीनदा जिंकलं आहे: १९३७, १९३९ आणि २००३. त्याच स्पर्धेत १९९५, २०१३ आणि २०१५ ला रौप्य, २००७ ला कांस्य. ऑलिंपिकमध्ये १९९२, १९९६ आणि २००० अशी लागोपाठ तीन कांस्यपदकं, त्यानंतर २००४ आणि २००८ ला चौथा क्रमांक. म्हणजे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पाचही ऑलिंपिकमध्ये हा संघ उपांत्य फेरीत होता. विश्वचषकात एकच पदक आहे, २०१० चं कांस्य. एकूण अकरा पदकं, आणि मधली पन्नास वर्षं तर हा देश स्वतःच्या नावाने खेळतच नव्हता.

सुरुवात अमेरिकेत वाढलेल्या लिथुआनियन मुलांपासून होते. १९३७ मध्ये रीगाला झालेल्या स्पर्धेचा अंतिम सामना त्यांनी इटलीविरुद्ध २४-२३ असा जिंकला. युरोपात तेव्हा हा खेळ नवा होता आणि त्यातली हातोटी या मुलांनी अमेरिकेतून आणली होती. विजेत्यांना पुढच्या स्पर्धेचं यजमानपद मिळालं, म्हणून कौनास शहरात खास बास्केटबॉलसाठी एक सभागृह उभं राहिलं. या खेळासाठी बांधलेलं युरोपातलं ते पहिलं सभागृह मानतात. १९३९ च्या मे महिन्यात तिथे लिथुआनियाने सातपैकी सातही सामने जिंकले. लाटव्हियाविरुद्धचा सामना ३७-३६ असा सुटला आणि निर्णायक बास्केट शेवटच्या क्षणी केली प्रानास लुबिनासने. तो संघाचा प्रशिक्षकही होता आणि खेळाडूही. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून सुवर्णपदक जिंकलेला फ्रँक लुबिन तो हाच. तिकडे आजही त्याला लिथुआनियन बास्केटबॉलचा आजोबा म्हणतात.

पुढच्याच वर्षी सोव्हिएत फौजा आल्या आणि राष्ट्रीय संघ संपला. खेळ संपला नाही, आणि पदकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. कौनासचा झाल्गिरिस हा क्लब लोकांसाठी राष्ट्रीय संघाच्या जागी उभा राहिला. १९८५, १९८६ आणि १९८७ अशी सलग तीन वर्षं त्याने मॉस्कोच्या लष्करी क्लबला मागे टाकून सोव्हिएत लीग जिंकली. ज्या देशाला झेंडा फडकवता येत नव्हता, तिथे त्या सामन्यांना काय मोल असेल ते सांगायला नको. प्रत्येक हुशार मुलाने हाच खेळ निवडावा असं वातावरण घराघरात होतं. आजही तिथे उंच, चपळ, हाताला गोडी असलेला मुलगा दुसऱ्या खेळाकडे सहसा जात नाही. मोठ्या देशांत अशी मुलं दहा खेळांत विभागली जातात. लोकसंख्येचं कोडं निम्मं तरी इथेच सुटतं.

१९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाने उपांत्य फेरीत अमेरिकेला ८२-७६ असं हरवलं आणि मग युगोस्लाव्हियाला ७६-६३ ने नमवून सुवर्ण घेतलं. त्या संघाचा कणा होते चार लिथुआनियन: अर्विदास साबोनिस, शारूनास मार्चुलिओनिस, रिमास कुर्तिनाइतिस आणि वाल्देमारास खोमिचुस. पदक मात्र दुसऱ्या देशाच्या नावावर लागलं.

साबोनिसबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण त्याच्यामुळेच "लिथुआनिया म्हणजे सेंटर" हे समीकरण जगाच्या डोक्यात बसलं. उंची २२१ सेंटिमीटर. पण मी मुलांना त्याची चित्रफीत दाखवतो ती उंचीसाठी नाही, पाससाठी. फ्री थ्रोच्या रेषेजवळ पाठमोरा उभा राहून तो चेंडू घ्यायचा, आणि मागून कापत जाणारा सहकारी कुठे पोहोचेल ते त्याला न बघता कळायचं. तरुणपणी टाचेचा स्नायुबंध तुटला, एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, तो पोहोचला थेट १९९५ मध्ये, तोवर गुडघे आणि पाय झिजले होते. ज्यांनी त्याला फक्त तेव्हा पाहिलं, त्यांनी अर्धाच साबोनिस पाहिला.

१९९२ चं बार्सिलोना सगळ्यांना आठवतं ते ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदाच्या मदतीने आलेल्या रंगीबेरंगी टी-शर्टमुळे. देश नुकताच स्वतंत्र झाला होता, तिजोरीत पैसे नव्हते, आणि मार्चुलिओनिसने अमेरिकेत फिरून संघासाठी निधी जमवला. उपांत्य फेरीत अमेरिकेच्या, एनबीएच्या ताऱ्यांनी भरलेल्या ड्रीम टीमने त्यांना १२७-७६ असं धुऊन काढलं. कांस्यपदकासाठी समोर आला कोण, तर जुन्या सोव्हिएत प्रजासत्ताकांचा एकत्रित संघ, ज्याच्याकडून ते गटात हरले होते. तो सामना ८२-७८ असा जिंकला. लोक साबोनिसची आठवण काढतात, आणि त्याने त्या दिवशी आत दंगा केलाच. पण तो सामना पुन्हा बघितला तर दिसतं की चेंडू हातात घेऊन बचाव फोडणारा मार्चुलिओनिस होता. डावखुरा, छातीने भरलेला, एकदा वाटेला लागला की थांबवणं अवघड. जगातला सर्वोत्तम सेंटर आणि जगातल्या पहिल्या फळीतला गार्ड एकाच वेळी मिळणं हा लिथुआनियाच्या इतिहासातला दुर्मीळ योग होता. १९९५ आणि १९९६ ला पदकं आली तीही याच जोडीच्या काळात.

आता माझ्या मुद्द्याचा सगळ्यात मोठा पुरावा. २००० च्या सिडनी ऑलिंपिकला साबोनिस नव्हता, मार्चुलिओनिस निवृत्त झाला होता. कागदावर हा संघ साधा दिसत होता. पण त्यात एक शारूनास यासिकेविचुस होता. मेरीलँड विद्यापीठात शिकलेला, एनबीएच्या निवडीत कुणीही न घेतलेला पॉइंट गार्ड. उपांत्य फेरीत या संघाने अमेरिकेला शेवटच्या सेकंदापर्यंत ओढलं. ८३-८५ अशी पिछाडी आणि यासिकेविचुसच्या हातून सुटलेला तीन गुणांचा शेवटचा फटका. तो गेला असता तर एनबीएचे खेळाडू घेऊन आलेली अमेरिका ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा हरली असती. चेंडू रिंगपर्यंत पोहोचला नाही. मग ऑस्ट्रेलियाला ८९-७१ ने हरवून कांस्य घेतलं.

२००३ मध्ये स्वीडनमध्ये युरोपीय अजिंक्यपद जिंकलं, एकही सामना न गमावता. अंतिम सामन्यात स्पेनच्या पाऊ गासोलने ३६ गुण केले आणि तरी स्पेन ८४-९३ असा हरला. दोन संघांतला सर्वोत्तम उंच खेळाडू समोरच्या बाजूला होता आणि करंडक लिथुआनियाकडे गेला! स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू यासिकेविचुस ठरला. पुढच्या वर्षी अथेन्समध्ये गटसामन्यात त्याने २८ गुण करून अमेरिकेला ९४-९० असं हरवलं. पुन्हा स्वतंत्र झालेल्या लिथुआनियाचं आजवरचं एकमेव मोठं विजेतेपद महाकाय सेंटरशिवाय आलं आहे, ही गोष्ट तिथल्या लोकांनाही पुन्हा पुन्हा सांगावी लागते असं मला वाटतं.

पराभवांची यादी उलटी धरून बघा. १९९५ च्या अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियाच्या जोर्जेविचने ४१ गुण केले, तो गार्ड. पंचांवर चिडून लिथुआनियाचे खेळाडू मैदान सोडून निघाले होते, नंतर परतले, सामना ९०-९६ असा गेला. २००४ च्या ऑलिंपिक उपांत्य फेरीत इटलीच्या बासिलेने ३१ गुणांनी त्यांचं सुवर्णस्वप्न संपवलं, तोही गार्ड. २०११ ला स्पर्धा घरी होती, सारा देश हिरव्या-पिवळ्या रंगात, आणि कौनासमध्ये उपांत्यपूर्व फेरीत मॅसेडोनियाच्या इलिएव्हस्कीने शेवटच्या क्षणी तीन गुणांचा फटका टाकून ६७-६५ असा सामना काढला. गार्डच. २०२१ ला कौनासमध्येच ऑलिंपिक पात्रतेचा अंतिम सामना, लुका डोन्चिच, ३१ गुण, ११ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू), १३ असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट झाली असे पास), स्लोव्हेनिया ९६-८५. २०२४ ला पुन्हा ऑलिंपिक पात्रतेत, सान हुआनमध्ये पोर्तो रिकोचा गार्ड होसे अल्वाराडो, ७९-६८.

प्रत्येक वेळी हे लागू पडत नाही. २०१५ च्या अंतिम सामन्यात स्पेनकडून ६३-८० असे हरले तेव्हा त्यांना मारलं ते पाऊ गासोलने. आणि २०१० चं विश्वचषकातलं कांस्य तर माझ्या म्हणण्याच्या विरुद्धच जातं. आदल्या वर्षी युरोपात अकरावे आलेले, विशेष आमंत्रणावर स्पर्धेत घेतलेले, यासिकेविचुस नाही, आणि तरी सर्बियाला ९९-८८ ने हरवून तिसरे. त्या सामन्यात लिनास क्लेइझाने ३३ गुण केले. तो फॉरवर्ड, गार्ड नव्हे. पण त्या संघात एकही खेळाडू चेंडू दोन सेकंदांपेक्षा जास्त धरत नव्हता. गार्डचं काम पाच जणांनी वाटून घेतलं होतं. असा संघ घडवणं हे प्रशिक्षक केमझुरांचं मोठं श्रेय आहे, आणि असा संघ दर दोन वर्षांनी जमून येत नाही.

२०१३ आणि २०१५ ची रौप्यपदकं आली तेव्हा मांतास कल्निएतिस संघ चालवत होता. उंच, धीराचा, पिक अँड रोलमध्ये, म्हणजे पडद्यासारखा आडवा उभा राहिलेल्या सहकाऱ्याला वळसा घालून केलेल्या हल्ल्यात, योग्य क्षणाची वाट बघणारा. २०१४ च्या विश्वचषकाआधी सराव सामन्यात तो जखमी झाला, आणि कांस्यपदकाचा सामना फ्रान्सविरुद्ध दोन गुणांनी, ९३-९५, गेला. तो असता तर जिंकलेच असते असं मी म्हणणार नाही. पण शेवटच्या तीन मिनिटांत चेंडू कुणाकडे द्यायचा, हा प्रश्न तरी पडला नसता.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. ३ सप्टेंबर २०२३, मनिला. लिथुआनिया ११०, अमेरिका १०४. सामन्याच्या पहिल्या चतुर्थांशात ३१-१२. पहिले नऊच्या नऊ तीन गुणांचे फटके आत. एकूण २५ पैकी १४. रिबाउंड ४३ विरुद्ध २७. सुंदर सामना होता, आणि अमेरिकेला आत मार खावा लागला तो योनास वालान्चुनास आणि त्याच्या साथीदारांकडून. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. दोन्ही संघ त्याआधीच उपांत्यपूर्व फेरीत पोहोचले होते. आणि बाहेरून इतके फटके रोज जात नाहीत. दोनच दिवसांनी सर्बियाने गार्डांवर दबाव टाकला, पहिला पास उशिरा निघू लागला, सेंटरपर्यंत चेंडू पोहोचेपर्यंत हल्ल्यासाठीच्या चोवीस सेकंदांपैकी आठ-दहाच उरू लागले. ६८-८७. स्पर्धेत सहावे.

पॅरिसला, यजमान फ्रान्स सोडला तर, थेट जागा युरोपच्या फक्त दोन संघांना होत्या आणि त्या जर्मनी आणि सर्बियाने घेतल्या. ऑलिंपिकला बाराच संघ. बाकीच्यांनी पात्रता स्पर्धा खेळायच्या, आणि अशा प्रत्येक स्पर्धेतून जातो एकच. म्हणजे एक संध्याकाळ, एक सामना, बहुतेक वेळा यजमानाच्या घरी. सात सामन्यांची मालिका असती तर लिथुआनियाच्या बदली खेळाडूंची ताकद उपयोगी पडली असती. एका सामन्यात ज्याच्या हातात चेंडू जास्त वेळ असतो, तो भारी पडतो. म्हणून नशिबाचा भाग मी मान्य करतो, पण टोकियो आणि पॅरिस अशी दोन लागोपाठ ऑलिंपिक हुकली ती नुसत्या नशिबाने नाही. १९९२ ते २०१६ अशा सलग सात वेळा गेलेला हा देश होता! पॅरिसमध्ये प्रत्येकी तीन खेळाडूंच्या प्रकारात मात्र लिथुआनियाच्या मुलांनी लाटव्हियाला हरवून कांस्य आणलं, हे आवर्जून सांगतो, कारण ते बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटलं.

तुम्ही म्हणाल, वालान्चुनास आणि डोमांतास साबोनिस, म्हणजे अर्विदासचा मुलगा, असे दोन एनबीएतले सेंटर असताना अडतं कुठे? इथे नियम आडवे येतात. एनबीएत बचाव करणारा खेळाडू कुणाला न पकडता रिंगखाली तीन सेकंदांपेक्षा जास्त उभा राहू शकत नाही. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या, नियमांत तसं बंधन नाही. तो तिथे मुक्काम ठोकू शकतो. त्यामुळे दोन उंच खेळाडू एकत्र उतरवले की समोरचा संघ आत गर्दी करून बसतो, बाहेरून फटके मारा म्हणून मोकळीक देतो, आणि दोघांनाही वळायला जागा उरत नाही. २०२१ ला कौनासमध्ये दोघं होते. आकडे दोघांचेही वाईट नव्हते. पण डोन्चिच प्रत्येक वेळी पिक अँड रोल त्या दोघांपैकी एकावरच आणत होता. पुढे यावं तर मागे पास, मागे राहावं तर फटका. हे मी संथ गतीने कितीतरी वेळा बघितलं आहे, आणि दोष त्या दोघांना देता येत नाही. चेंडूवरच्या गार्डने पडद्यावरून झगडून निघायला हवं होतं, ते झालं नाही.

असे गार्ड का तयार होत नाहीत? माझं मत सांगतो. जिथे बारा वर्षांचा उंच मुलगा दिसला की सगळे प्रशिक्षक त्याच्याभोवती जमतात, तिथे बुटका मुलगा सेंटरला चेंडू पोहोचवायला शिकतो, बचाव फोडायला नाही. पास नीटनेटका, फटका शास्त्रशुद्ध, पण पूर्ण मैदानभर अंगावर आलेल्या खेळाडूला चकवून पुढे जाण्याची सवय कमी. तिथल्या तरुण संघांची कामगिरी उत्तम आहे, २०११ ला एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक त्यांनी जिंकला. पण त्या संघाचाही तारा वालान्चुनासच होता.

आशा आहे ती रोकास योकुबाइतिसकडून. बार्सिलोना क्लबमध्ये, पुढे प्रशिक्षक झालेल्या यासिकेविचुसच्याच हाताखाली काही काळ घडलेला डावखुरा गार्ड. २०२५ च्या युरोपीय स्पर्धेत गटसामन्यांत त्याचा गुडघा गेला. धाकटा साबोनिस आधीच दुखापतीने बाहेर होता. तरी अर्नास वेलिच्काने सूत्रं हातात घेतली आणि रीगात लाटव्हियाला त्यांच्याच प्रेक्षकांसमोर हरवलं. उपांत्यपूर्व फेरीत ग्रीसने रोखलं. दोन प्रमुख खेळाडूंशिवाय शेवटच्या आठांत जाणं मला २०२३ च्या त्या अमेरिकेवरच्या विजयापेक्षा मोठं वाटलं, कारण रीगात गार्डने सामना जिंकून दिला होता.

तुम्हाला स्वतः पडताळून बघायचं असेल तर २००० ची उपांत्य फेरी आणि २०२१ चा कौनासचा सामना लागोपाठ लावा. गुणफलक झाका. लिथुआनियाच्या प्रत्येक हल्ल्यात पहिला खरा पास निघतो तेव्हा घड्याळात किती सेकंद उरलेत, एवढंच वहीत लिहा.